देशाचं कर्ज, डॉलरचं तेल आणि तुमचा तिसरा ट्रक

वाचकाचं पत्र : तासगाव तालुक्यात राहतो. दोन आयशर गाड्या आहेत, दोन्हींचे हप्ते फिटलेत. बेदाणा आणि हळद वाशीला नेतो, येताना मिळेल तो माल भरतो. जाऊन-येऊन ७४० किलोमीटर, फेरीचं एकूण भाडं २०,००० रुपये. डिझेल, टोल, ड्रायव्हर, टायर-ऑइल जाऊन हातात तीन हजार उरतात. घरासाठी नुकतंच २० लाखांचं कर्ज घेतलंय, साडेआठ टक्के, वीस वर्षं. तिसऱ्या गाडीसाठी १५ लाखांच्या कर्जाचं बोलणं चालू आहे. पण मुलगा रोज व्हिडिओ दाखवतो : देश कर्जात बुडालाय, तेल सगळं बाहेरून येतं, आपली श्रीलंका होणार, नोटा कागद होणार. त्याचं म्हणणं, गाडी नको, ठेवी मोडा, सोनं घ्या आणि डिझेलची चार पिंपं भरून ठेवा. काय करू?

उत्तर :

नमस्कार. मुलाची काळजी अगदीच पोकळ नाही. पण व्हिडिओत कर्जाचा नुसता आकडा सांगतात आणि दोन प्रश्न गाळतात : ते कर्ज कोणत्या चलनात फेडायचंय, आणि कधी. तेलाचा संबंध तिथेच येतो. तेल डॉलरमध्ये घ्यावं लागतं, रोज घ्यावं लागतं, आणि डॉलर आपल्याला छापता येत नाहीत.

श्रीलंकेचं काय झालं ते नीट बघा, कारण ‘श्रीलंका होणार’ म्हणणारे बहुतेक जण तेवढंच बघत नाहीत. त्या देशानं २००७ पासून आंतरराष्ट्रीय बाजारात डॉलरचे रोखे विकून कर्ज उचललं. अशा रोख्यांत व्याज बाजारभावाचं असतं आणि मुदत संपली की सगळी मुद्दल एकरकमी द्यावी लागते. ती द्यायची कशी, तर नवे रोखे विकून. २०१९ च्या अखेरीस सरकारनं व्हॅट १५ टक्क्यांवरून ८ वर आणला, तिजोरी आटली. मग कोविडनं पर्यटन बंद पाडलं. २०२१ मध्ये रासायनिक खतांवर एकदम बंदी आणली, भाताचं आणि चहाचं पीक पडलं. पतमानांकन (कर्ज फेडण्याच्या ऐपतीचा दर्जा) घसरल्यावर नवे रोखे कुणी घेईना, पण जुन्यांची मुदत थांबत नव्हती. जानेवारी २०२२ मध्ये ५० कोटी डॉलरचा एक रोखा त्यांनी पूर्ण फेडला. तेव्हाच तिथले काही अर्थतज्ज्ञ ओरडून सांगत होते की हे डॉलर तेल-औषधांसाठी ठेवा, आणि आमच्या मते त्यांचंच बरोबर होतं. त्यात श्रीलंकेचा रुपया डॉलरला २०० च्या आसपास बळंच धरून ठेवला होता. मार्चमध्ये तो सोडावा लागला आणि दोनेक महिन्यांत डॉलर ३६० च्या घरात गेला. त्याच सुमारास युक्रेनच्या युद्धानं कच्चं तेल शंभर डॉलरच्या वर चढलं होतं. १२ एप्रिल २०२२ ला परकी कर्जाची फेड थांबवल्याचं जाहीर झालं.

आता तुमच्या धंद्याच्या नजरेनं बघा. कोलंबोजवळ पेट्रोलचं जहाज मार्चअखेरीपासून उभं होतं. माल होता, द्यायला डॉलर नव्हते. जूनच्या शेवटी इंधन फक्त अत्यावश्यक सेवांना देण्याचा हुकूम निघाला. नंतर क्यूआर कोडवर रेशन सुरू झालं : दुचाकीला आठवड्याला ४ लिटर, रिक्षाला ५, कारला २०, लॉरीला ५०. तुमची गाडी लिटरला सात किलोमीटर देत असेल तर ५० लिटरमध्ये वाशीची एक बाजूही पुरी होत नाही. संकट दारात येतं ते असं. नोटा कागद व्हायच्या आधी चाकं थांबतात.

आपण त्या उंबऱ्यापर्यंत एकदा जाऊन आलोय. ऑगस्ट १९९० मध्ये इराकनं कुवेत घेतलं, तेल काही आठवड्यांत दुपटीच्या वर गेलं. आखातातल्या लाखाहून जास्त भारतीयांना परत आणावं लागलं, म्हणजे त्यांच्याकडून येणारे डॉलरही बंद. अनिवासी भारतीयांनी ठेवी काढायला सुरुवात केली. त्या वेळी आपलं अल्पमुदतीचं परकी कर्ज परकीय चलनसाठ्याच्या जवळजवळ दीडपट होतं. दर थोड्या महिन्यांनी नूतनीकरण व्हायला हवं होतं ते कर्ज आणि करायला कुणी तयार नाही, हे खरं दुखणं. १९९१ च्या मध्यावर दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते डॉलर शिल्लक होते. जप्त केलेलं २० टन सोनं मे महिन्यात विकलं, जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेनं सुमारे ४७ टन सोनं मुंबईहून बाहेर पाठवून तारण ठेवलं आणि त्यावर ४० कोटी डॉलर मिळवले. रुपया १ आणि ३ जुलैला दोन टप्प्यांत उतरवला.

तेल ज्याच्याकडे आहे तो सुटतो असंही नाही. मेक्सिको तेल विकत होता, तेलाच्या भरवशावरच त्यानं डॉलरचं कर्ज काढलं, आणि व्याज चढून तेल उतरल्यावर ऑगस्ट १९८२ मध्ये हात वर केले. व्हेनेझुएलाचीही गत तीच, फक्त जास्त वाईट.

मग आज आपण कुठे आहोत? केंद्र आणि राज्यं मिळून सरकारी कर्ज जीडीपीच्या (देशाच्या वर्षभराच्या एकूण उत्पादनाच्या) ऐंशी टक्क्यांच्या आसपास आहे. हा आकडा मोठा आहे, पण त्यातलं बहुतेक कर्ज रुपयांत आहे आणि ते आपल्याच बँका, एलआयसी आणि भविष्य निर्वाह निधीकडून घेतलेलं आहे. त्यासाठी डॉलर लागत नाहीत. सगळ्या देशाचं मिळून परकी कर्ज (सरकार, कंपन्या, बँका) मार्च २०२५ ला सुमारे ७३६ अब्ज डॉलर होतं, म्हणजे जीडीपीच्या १९ टक्के, आणि समोर ६५० अब्ज डॉलरहून जास्त साठा. १९९१ शी याची तुलना होत नाही. श्रीलंकेसारखं अचानक बंद पडण्याची भीती आम्हाला आज वाटत नाही.

भीती दुसरी आहे आणि ती हळू चालणारी आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ५०.६५ लाख कोटींच्या खर्चापैकी १२.७६ लाख कोटी नुसते व्याजाचे होते. हे झेपतं ते अर्थव्यवस्था वाढत राहते म्हणून. गणित करून बघा. कर्ज जीडीपीच्या ८० टक्के, व्याज ७ टक्के, आणि महागाई धरून वाढ १० टक्के असेल, तर व्याज सोडून जीडीपीच्या दोन टक्क्यांहून थोडी जास्त तूट दरवर्षी केली तरी प्रमाण ८० वरच राहतं. वाढ ६ वर आली आणि व्याज ७ वरच राहिलं, तर तूट चालत नाहीच, उलट दरवर्षी पाऊण टक्का शिल्लक टाकावी लागते. सरकारनं वेगळं काहीच केलेलं नसतं, फक्त वाढ मंदावलेली असते. कर्ज म्हणजे उद्या जास्त मिळवू या भरवशावर आज केलेला खर्च, आणि तो भरवसा आपल्याकडे डिझेलवर चालतो : शेतमाल, सिमेंट, पोलाद, सगळं रस्त्यानं जातं. वाढ कायम राहील असं धरून कर्ज काढलेल्या देशाला महाग तेल एकाच वेळी दोन्हीकडून धरतं. वाढ खाली येते, व्याज वर जातं.

आकड्यांत सांगायचं तर २०२४-२५ मध्ये आपण २४ कोटी टनांहून जास्त कच्चं तेल आणलं, बिल सुमारे १३७ अब्ज डॉलर. टनाला ७.३३ बॅरल धरले तर पावणेदोनशे कोटी बॅरलच्या वर. म्हणजे बॅरलमागे दहा डॉलर वाढले की वर्षाचं बिल जवळजवळ १८ अब्ज डॉलरनी फुगतं. जामनगरसारख्या रिफायनऱ्या पेट्रोल-डिझेल निर्यात करतात म्हणून त्यातलं थोडं परत येतं, सगळं नाही. शिवाय तेल चढलं की डॉलरची मागणी वाढते आणि रुपया त्याच वेळी पडतो. बॅरल ७५ डॉलर आणि डॉलर ८५ रुपये असताना कच्चं तेल लिटरला ४० रुपये पडतं (बॅरल म्हणजे १५९ लिटर). बॅरल ११० आणि डॉलर ९२ झाला तर तेच ६३ रुपये ६५ पैसे. पंपावरचा भाव लगेच तेवढा वाढत नाही, कारण कंपन्या काही काळ तोटा सोसतात किंवा सरकार अबकारी कर कमी करतं. मे २०२२ ची करकपात वर्षाला एक लाख कोटींची होती. तो खड्डा मग कर्जानं भरायचा. फुकट काही गेलेलं नसतं, पावती दुसऱ्या नावानं फाटते.

मुलाला व्हिडिओ बघायचेच असतील तर बघू दे, पण सोबत तीन आकडे पाहायची सवय लावा. पहिला, रिझर्व्ह बँक दर शुक्रवारी संध्याकाळी परकीय चलनसाठा जाहीर करते. तो किती महिन्यांच्या आयातीला पुरतो ते पाहायचं. तीन महिने ही जुनी धोक्याची रेघ, आपण अलीकडे दहा-अकराच्या आसपास होतो. दुसरा, वर्षभरात फेडायचं असलेलं परकी कर्ज साठ्याच्या किती टक्के. गेल्या काही वर्षांत ते चाळीस ते पन्नासच्या दरम्यान राहिलं. ते शंभराकडे सरकायला लागलं तर मुलाचं ऐका. तिसरा, भारतीय बास्केटचा, म्हणजे आपण आणतो त्या कच्च्या तेलाचा सरासरी, बॅरलचा भाव. तो पेट्रोलियम मंत्रालयाच्या पेट्रोलियम प्लॅनिंग अँड अ‍ॅनालिसिस सेलच्या संकेतस्थळावर मिळतो. एखाद्या आठवड्यात साठा पाच-सहा अब्जांनी कमी झाला म्हणून घाबरायचं नाही, रुपया सावरायला रिझर्व्ह बँक डॉलर विकते किंवा युरो-सोन्याच्या भावानं हिशोब हलतो. सलग चार-सहा महिने एकाच दिशेनं जातोय का, ते महत्त्वाचं.

आता तुमचं. आम्हाला देशापेक्षा तुमच्या तिसऱ्या ट्रकची काळजी जास्त वाटते.

१५ लाख, दहा टक्के, पाच वर्षं : हप्ता ३१,८७१ रुपये. फेरीला तीन हजार उरतात, म्हणजे नुसता हप्ता भागवायला महिन्याला अकरा फेऱ्या. वाशीत गाडी खाली व्हायला लागणारा वेळ आणि परतीच्या मालाची वाट धरली तर बाराच्या वर फेऱ्या एका गाडीच्या होत नाहीत. म्हणजे आजच्या भावातच गाडी फक्त फायनान्स कंपनीसाठी पळणार. डिझेल दहा रुपयांनी वाढलं तर फेरीला १०६ लिटरवर १,०६० रुपये जातात, उरतात १,९४०, आणि लागतात सतरा फेऱ्या. त्या होणार नाहीत. मग पहिल्या दोन गाड्यांची कमाई तिसरीच्या हप्त्यात जाईल आणि घराचा हप्ता मागे पडेल. हे गणित श्रीलंकेचंच आहे : मिळकत एका भावावर बांधलेली, फेड ठरल्या तारखेला.

तेव्हा या अटींवर गाडी घेऊ नका. निम्मी रक्कम स्वतःची घालता आली आणि कर्ज साडेसात लाखांवर आलं, तर हप्ता १६ हजारांच्या आत येतो. महाग डिझेलातही तो आठ-नऊ फेऱ्यांत निघतो. तोवर थांबा, किंवा वापरलेली गाडी बघा. फायनान्सवाला ‘सात टक्के फ्लॅट’ म्हणाला तर भुलू नका : १५ लाखांवर पाच वर्षांचं व्याज सव्वापाच लाख, हप्ता ३३,७५०, आणि घटत्या शिलकीवर तो दर साडेबारा टक्के पडतो. करारात मुदतीआधी फेडण्याचा आकार किती, तो सही करायच्या आधी वाचा.

सीएनजी गाडी हा तेलातून सुटायचा रस्ता नाही, कारण देशात लागणाऱ्या नैसर्गिक वायूतला जवळपास निम्मा बाहेरूनच येतो. विजेवरची छोटी गाडी सांगली-मिरजेतल्या मार्केट यार्ड ते कोल्ड स्टोरेज अशा फेऱ्यांना विचारात घ्यायला हरकत नाही. वाशीला ती आज परवडणार नाही.

त्याआधी एक काम बिनपैशाचं आहे : व्यापाऱ्यांशी भाडं डिझेलला बांधून घ्या. तुमच्या वीस हजारांत डिझेल साधारण साडेनऊ हजारांचं, म्हणजे ४८ टक्के. कागदावर असं लिहा : मूळ भाव अमुक तारखेला अमुक पंपावर ९० रुपये, डिझेल जितके टक्के वाढेल त्याच्या ०.४८ पट टक्के भाडं वाढेल. बदल दर महिन्याच्या एक तारखेला. तीन टक्क्यांच्या आतला फरक धरायचा नाही. भाव उतरला तर भाडंही उतरेल. डिझेल ९९ झालं तर भाडं २०,९६०, आणि तुमचा जादा खर्च ९५४. बरोबर भागतं. उतरणीचं कलम घातलं नाही तर व्यापारी सही करणार नाही, आणि त्याचं चूक नाही. पूर्ण वाढ द्यायला तो तयार नसेल तर निम्म्यावर तोडा. डिझेल जीएसटीत नाही, त्यामुळे त्यावरचा कर तुम्हाला कुठे वळता करून घेता येत नाही, हेही त्याला सांगा. बऱ्याच व्यापाऱ्यांना ते लक्षातच नसतं.

डिझेलची पिंपं भरू नका. कायद्यानं विनापरवाना २,५०० लिटरपर्यंत डिझेल ठेवता येतं (एका भांड्यात १,००० च्या वर नाही, पेट्रोलची मर्यादा फक्त ३० लिटर), पण अडचण कायद्याची नाही. अर्धवट भरलेल्या पिंपात रात्रीच्या गारव्यानं आत पाणी सुटतं, ते तळाला बसतं, त्यात जिवाणू वाढून काळपट गाळ होतो. बीएस-६ गाडीचा फिल्टर त्यानं तुंबतो आणि इंजेक्टर गेले तर पिंपाच्या किमतीपेक्षा दुरुस्ती जास्त. शिवाय २०० लिटरची चार पिंपं म्हणजे साडेसात फेऱ्या. तेवढ्यासाठी ७२ हजार अडकवायचे आणि घराशेजारी आग ठेवायची? देशाचा भूमिगत साठा विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पाडूर मिळून ५३ लाख टनांचा आहे, म्हणजे पूर्ण भरला तर आठेक दिवसांच्या आयातीइतका. कंपन्यांच्या टाक्या त्याशिवाय आहेत. घरी साठा करायचाच तर स्वयंपाकाचा दुसरा सिलिंडर असू द्या. एलपीजीतला सुमारे ६० टक्के हिस्सा आयात होतो आणि तो बहुतांशी होर्मुझच्या सामुद्रधुनीतून येतो.

सोन्याबद्दल मुलाचं अर्धं बरोबर. रुपया पडला की सोनं रुपयात चढतं. पण सोनंही आपण डॉलर देऊनच आणतो, म्हणून डॉलरची चणचण भासली की सरकार पहिला हात सोन्याच्या आयातशुल्कावर टाकतं. २०१३ मध्ये तेच झालं, जुलै २०२२ मध्ये शुल्क १५ टक्के झालं, आणि जुलै २०२४ मध्ये एकदम ६ वर आणल्यावर भाव एका दिवसात हजारोंनी उतरला. दागिने घेतले तर घडणावळ आणि तीन टक्के जीएसटी मोडताना परत मिळत नाही. बचतीच्या दहा टक्क्यांपर्यंत नाणं किंवा गोल्ड ईटीएफ (शेअर बाजारात मिळणारं कागदी सोनं) ठीक. ठेवी मोडून घेऊ नका. तीन महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते भागतील एवढी रक्कम बँकेत असलीच पाहिजे. बँकेत म्हणतोय, पतसंस्थेत नाही : बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही.

राहिलं घराचं कर्ज, आणि खरं तर तेलाचा फटका तुम्हाला इथूनच बसण्याची शक्यता जास्त. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ महिन्यांत रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना कर्ज देते तो) ४ वरून साडेसहा झाला. अशा वेळी बँका सहसा हप्ता तोच ठेवून मुदत लांबवतात, आणि कर्जदाराला वाटतं काही झालंच नाही. तुमचा हप्ता १७,३५६ आहे. कर्ज नवं असताना दर अडीच टक्क्यांनी चढून ११ झाला, तर पहिल्याच महिन्याचं व्याज १८,३३३. हप्त्यातून व्याजसुद्धा भागत नाही, मुद्दल वाढत जाते. मुदत न लांबवता कर्ज फेडायचं तर हप्ता २०,६४४ लागतो. म्हणून दर वर्षी एक हप्ता जादा भरा. दर न बदलता कर्ज साडेतीन वर्षं आधी संपतं, आणि दर चढला तर तेवढी उसंत मिळते. तरत्या (बदलत्या) दराच्या घरकर्जाला मुदतीआधीच्या फेडीचा आकार लागत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या सूचनेनुसार दर बदलला की बँकेनं हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची, दोन्ही थोडं थोडं, की काही रक्कम आधी भरायची, असे पर्याय कर्जदारापुढे ठेवायचे असतात. विचारण्याची वाट बघू नका. या आठवड्यात शाखेत जाऊन साध्या कागदावर अर्ज द्या : दर वाढल्यास माझी मुदत न वाढवता हप्ता वाढवावा, आणि सध्याची शिल्लक, दर व उरलेले हप्ते लेखी कळवावेत. अर्जाची शिक्क्यासह पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, आणि तिथं ती पोच लागेल.